कडेवरच्या मुलासह मुंबईतला एक दिवस

(मंडळाच्या मासिक सभेत झालेले भाषण)



आजच्या भाषणाचा विषय कार्यवाहबाईंनी फळ्यावर लिहिला, तेव्हा दोघी-तिघी हसल्या. एकीने तर बोलूनच दाखविले, "दीड-दोन वर्षांच्या पोराला घेऊन मुंबईत हिंडायचे, त्याला भाषण कशाला हवे? जाऊच नये म्हणजे झाले!" हा सल्ला नवा नाही. आपल्यापैकी पुष्कळजणींनी तो ऐकला आहे आणि पाळलाही आहे. मूल पोटात असताना डॉक्टर म्हणतात दगदग नको. मूल झाल्यावर सासूबाई म्हणतात वारा नको. मूल रांगू लागल्यावर आपणच म्हणतो, आता कुठे, पुढच्या वर्षी पाहू. पुढच्या वर्षी ते मूल धावू लागलेले असते, आणि कधी कधी त्याच्या पाठीवर दुसरे आलेले असते. अशी लग्नाच्या वाढदिवसाची चार-पाच वर्षे कधी निघून गेली ते कळतही नाही. यजमान ऑफिसातून येताना मिठाईचा पुडा आणतात, तो चहाबरोबर संपतो, आणि साजरा झाला असे आपण म्हणतो.

मिठाईच्या पुड्याला मी नावे ठेवीत नाही. पण ज्या दिवशी घरातल्या सगळ्यांनी आनंद करायचा, त्या दिवशी एकटीनेच मुलाच्या मागे घरात बसायचे, ही रीत काही धर्मशास्त्रात लिहिलेली नाही. म्हणून लहान मूल बरोबर असताना एखादा आनंदाचा दिवस शहरात कसा घालवावा, त्याची आखणी कशी करावी, हे आज आपल्यापुढे मांडणार आहे. आपण डोंबिवलीकर; मुंबई आपल्याला मध्य रेल्वेने तासा-सव्वातासाच्या अंतरावर. तेव्हा उदाहरणेही तिथलीच घेते.

पहिली गोष्ट ही, की हा दिवस कोणाचा आहे ते घरून निघण्यापूर्वी ठरवावे. लग्नाचा वाढदिवस असो, बढती मिळालेली असो, नणंदेची परीक्षा पार पडलेली असो. दोन वर्षांच्या मुलाला त्यातले काही कळत नाही. त्याला कळते ते भूक, झोप, ऊन, गर्दी, आणि आईच्या चेहऱ्यावरचा ताण. म्हणून दिवस मोठ्यांचा असला तरी घड्याळ मुलाचे असावे. आणि दिवस मुलाचा, म्हणजे त्याच्या वाढदिवसाचा असला, तरी त्यात आईच्या आनंदाची एक तरी गोष्ट असावी. ही दोन वाक्ये ज्या घरात मान्य झाली, त्या घराची अर्धी आखणी झाली म्हणून समजावे.

हिरकणीची गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. रायगडावर दूध घालायला गेलेली ती गवळण. दरवाजे बंद झाले, घरी तान्हे मूल, म्हणून अंधारात कडा उतरून गेली. त्या बुरुजाला आजही तिचे नाव आहे, आणि आपल्या राज्याच्या एस.टी. स्थानकांवर मुलाला पाजण्यासाठी ज्या खोल्या ठेवल्या, त्यांनाही 'हिरकणी कक्ष' असेच म्हणतात. तिचे धाडस मोठे खरेच. पण मला त्या गोष्टीत आणखी एक प्रश्न दिसतो. ती गडावर अडकली, तेव्हा घरी त्या मुलाला घेऊन बसायला दुसरे कोणी नव्हते का? आईने कडा उतरावा, असे कौतुक आपण शेकडो वर्षे करीत आलो. तिच्यासाठी दरवाजा उघडा ठेवावा, हे मात्र आपल्याला उशिरा सुचले. आजच्या विषयाचे मर्म मला इथेच वाटते.

आता आखणीकडे वळू.

वर्ष-दोन वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत ११ ते १४ तास झोप लागते, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. त्यात दुपारची झोपही आली. ही दुपारची झोप म्हणजे सबंध दिवसाचा मधला खांब. तो काढला की छप्पर खाली आलेच. संध्याकाळी चौपाटीवर जे मूल गडाबडा लोळत असते, ते बहुधा हट्टी नसते. त्याची झोप बुडालेली असते. म्हणून प्रथम कागदावर ही झोप लिहावी. आपले मूल साडेबारा ते अडीच झोपते ना? मग ते दोन तास आधीच खर्ची पडले. उरलेल्या दिवसाचे दोन तुकडे होतात, एक सकाळचा आणि एक दुपारनंतरचा. या दोन्ही तुकड्यांत हिंडण्याचा मोह धरू नये. एक तुकडा निवडावा. एकदा मुंबईला जातोच आहोत तर राणीचा बागही पाहू, गेटवेही करू, हँगिंग गार्डनही उरकू, असे म्हणणारी मंडळी संध्याकाळी ठाण्याच्या पुढे एकमेकांशी बोलत नाहीत, हे आपण गाडीत पाहतोच.

सकाळचा दिवस असा.

आपल्या बाजूने सर्वांत सोपे ठिकाण म्हणजे भायखळ्याचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, आपल्या तोंडातली राणीची बाग. १८६२ साली ती लोकांसाठी खुली झाली. आज ती शिवरायांच्या आईच्या नावाने ओळखली जाते, म्हणजे मूल घेऊन निघालेल्या बाईला यासारखे योग्य ठिकाण नाही. डोंबिवलीहून गाडी बदलावी लागत नाही, भायखळ्याला जलद गाड्याही थांबतात, आणि स्थानकाच्या पूर्व बाजूस उतरले की बाग जवळ आहे. बाग बुधवारी बंद असते, हे मात्र पक्के ध्यानात ठेवावे. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर त्या दिवशी उघडी ठेवून दुसऱ्या दिवशी बंद ठेवतात. रविवारी दोन अडचणी: एक, सारी मुंबई तिथे लोटते; दुसरी, रेल्वेचा मेगाब्लॉक. गाड्या उशिराने, त्याही तुडुंब. मूल कडेवर घेऊन फलाटावर अर्धा तास उभे राहण्यात कसला आला सण! तेव्हा यजमानांना रजा मिळत असेल तर मधला वार, नाही तर शनिवार पाहावा.

बाग सकाळी साडेनऊच्या सुमारास उघडते. ऑफिसची गर्दी चुकवायची तर पहाटे लवकर निघून डोंबिवलीहूनच सुटणारी गाडी धरावी. बसायला जागा मिळते आणि मूल खिडकीशी रमते. लवकर पोचलो तर निवांत न्याहारी करावी. बाहेर बसून गरम इडली खाणे, आणि ती दुसऱ्या कोणी केलेली असणे, हाही वाढदिवसाचाच भाग आहे.

बागेत सगळे पिंजरे पाहून होत नाहीत, आणि पाहूही नयेत. पेंग्विन २०१६ साली आणले आणि २०१७ पासून लोकांना पाहता येऊ लागले. त्यांच्या काचेच्या घरात १६ ते १८ अंशांचा गारवा ठेवतात, त्यामुळे मोठेही तिथून लवकर हलत नाहीत. पक्ष्यांसाठी जाळीचे भले मोठे दालन केले आहे, त्यात आपणच आत चालत जायचे असते. एवढ्या दोन गोष्टी लहान मुलाला भरपूर झाल्या. त्यातही त्याला पेंग्विनपेक्षा रस्त्यावरची खार किंवा झाडणारा माळी अधिक आवडला, तर आवडू द्यावा. "अरे, तिकडे बघ, पैसे दिलेत!" असे म्हणून त्याची मान वळवू नये. शेजारच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाहेर दगडी हत्ती आहे. घारापुरीच्या बेटावरून आणलेला. पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा हे नाव दिले ते याच हत्तीमुळे. जिवंत हत्तीजवळ जाता येत नाही, या हत्तीसमोर मात्र मूल हवे तितका वेळ उभे राहते, आणि तेवढ्यात मोठ्यांना थोडा इतिहासही आठवतो.

साडेअकरा वाजले की बागेतून निघावे. मूल आनंदात असतानाच निघावे. ते कंटाळण्याची वाट पाहू नये. भायखळ्याहून दादर हे परतीच्या वाटेवरच आहे. दादरला, परळला, हिंदू कॉलनीत आपल्यापैकी प्रत्येकीची कोणी आत्या, मावशी, मामेसासू असतेच. तिला आठ दिवस आधी कळवावे: दुपारी तुमच्याकडे बाळ दोन तास झोपेल, चालेल ना? जेवणाचा घोळ तिच्यावर टाकू नये. तिच्यासाठी काही घेऊन जावे. अशी वडीलधारी बाई बहुधा नाही म्हणत नाही. उलट तिचेच घर थोडे भरल्यासारखे होते. मूल तिथे जेवून झोपले की पुढचे दोन तास तुमच्या दोघांचे. रानडे रोडवर साडी पाहा, एखाद्या खाणावळीत निवांत जेवा, किंवा नुसते शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर झाडाखाली बसा. कित्येक जोडप्यांना मूल झाल्यापासून एक वाक्य पुरे बोलायला मिळालेले नसते. त्या दिवशी ते मिळाले तर बाकी काही नाही मिळाले तरी चालेल.

नाटकाचा मोह पडेल. शिवाजी मंदिर समोरच आहे. परंतु नाटकाला हे मूल नेऊ नये, असे मी स्पष्ट सांगते. अंधारात ते घाबरते, रडते. रंगमंचावरच्या नटांचे लक्ष उडते, आणि तीन तास आई दाराबाहेर उभी. ज्या दिवशी मावशी चार तास मूल सांभाळायला आनंदाने तयार असेल, त्याच दिवशी नाटक. नाही तर ते दुसऱ्या वेळेसाठी राखून ठेवावे.

मग चार-साडेचारची गाडी धरून घरी. पाचनंतर आपल्या दिशेची गर्दी काय असते ते सांगायला नको. अडकलोच, तर मार्च २०१९ मध्ये परळ टर्मिनस सुरू झाल्यापासून तिथूनच सुटणाऱ्या काही गाड्या आहेत. त्यांत बसायला मिळण्याची शक्यता अधिक. घरी येऊन हातपाय धुवावे, संध्याकाळी दिवा लावावा, औक्षण करावे, गोडाचे खावे. दिवस घरी संपला म्हणजे तो अपुरा राहिला असे नाही. उलट दिवसभर घरी राहिलेल्या आजी-आजोबांनाही त्यात वाटा मिळतो.

आता दुपारचा दिवस. ज्यांना समुद्र आणि दिवे हवे आहेत, त्यांच्यासाठी हा.

मूल घरीच जेवून, झोपून उठू द्यावे. अडीच-तीनच्या सुमारास मुंबईकडे जाणारी गाडी बऱ्यापैकी मोकळी असते. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरावे. ती इमारत १८८८ साली पुरी झाली आणि २००४ साली जागतिक वारसा ठरली. आपण रोज तिच्या पोटातून धावत जातो. त्या दिवशी एकदा बाहेर उभे राहून वर पाहावे. तिथून पुढे दोन मार्ग. एक, भुयारी मेट्रो. ऑक्टोबर २०२५ मध्ये ती कफ परेडपर्यंत पुरी झाली. टर्मिनसपासून हुतात्मा चौक आणि मग चर्चगेट, दोनच स्थानके. खाली उतरायला लिफ्ट आहे, त्यामुळे बाबागाडी उचलावी लागत नाही. दुसरा, बेस्टची दुमजली बस. जुन्या लाल दुमजली बस सप्टेंबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या, पण त्याच वर्षीच्या फेब्रुवारीपासून विजेवर चालणाऱ्या, वातानुकूलित दुमजली बस धावू लागल्या आहेत. वरच्या मजल्यावरची पुढची जागा मिळाली तर मुलाला दुसरे खेळणे लागत नाही. मात्र बस सुरू असताना मूल कडेवर घेऊन जिना चढू-उतरू नये.

मरीन ड्राइव्हला सूर्यास्तापूर्वी तासभर पोचावे. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे मुलाच्या रात्रीच्या जेवणाआधी. म्हणून या दिवसाला हिवाळाच चांगला. पावसाळ्यात भरतीच्या लाटा कठड्यावरून येतात; त्या वेळी तिथे मूल नेऊ नये. कठड्यावर मुलाला बसविले तर एकाचा हात सतत त्याच्या कमरेला हवा. अंधार पडून दिव्यांची माळ उजळली की थोडा वेळ पाहावे, मुलाला बरोबर आणलेला मऊ भात किंवा पोळी-दूध भरवावे, आपण मनासारखे जेवावे, आणि साडेआठ-नऊनंतर गाडी धरावी. मूल कुशीत झोपते, आणि परतीचा प्रवास त्या दिवसाचा सर्वांत शांत तास ठरतो.

हँगिंग गार्डनसमोरच्या कमला नेहरू पार्कातला म्हातारीचा बूट कित्येकींच्या मनात असेल. १९५२ सालापासून तो तिथे आहे आणि आपल्यापैकी अनेकींचा त्याच्यासमोर काढलेला फोटोही घरी असेल. पण आपल्याकडून तिथे जायचे म्हणजे गाडीनंतर बस किंवा टॅक्सी, आणि मग चढ. मूल चार-पाच वर्षांचे झाले की तो बूट त्याला खरा कळेल. गेटवेहून होडीने घारापुरीला जाणेही असेच पुढे ठेवावे. १८ डिसेंबर २०२४ रोजी त्याच मार्गावर प्रवासी बोटीचा भीषण अपघात झाला, हे आपण विसरलेलो नाही. लहान मुलाच्या मापाचे तरंगजाकीट अंगात असल्याशिवाय त्याला बोटीत बसवूच नये.

आता पिशवी. पिशव्या दोन असाव्यात, आणि मुलाची पिशवी वडिलांच्या खांद्यावर असावी. हे मी विनोदाने म्हणत नाही. ज्याच्या खांद्यावर पिशवी, त्याला दुपटे कुठे आहे, चमचा कुठे आहे, किती लंगोट उरले हे ठाऊक असते, एरवी दिवसभर "अगं, ते कुठे ठेवलेस?" हेच चालते. पिशवीत उकळून गार केलेले पाणी, दोन वेळचे खाणे, कपड्यांचे दोन जोड, लंगोट, ओले कपडे घालायला एक पिशवी, टोपी, एक दुपटे आणि घरातले एकच ओळखीचे खेळणे. खाण्यात केळे, मऊ इडली, तुपाचा भात, धिरडे असे. अख्खे शेंगदाणे, चणे, फुटाणे, अख्खी द्राक्षे लहान मुलाच्या घशात अडकतात. चार-पाच वर्षांपर्यंत ती देऊच नयेत, मग शेजारी बसलेली बाई प्रेमाने देत असली तरी. फुगेही तसेच. वाढदिवस म्हटला की फुगा आलाच, पण फुटलेल्या रबराचा तुकडा मूल क्षणात तोंडात घालते. त्यापेक्षा कागदाचे भिरभिरे बरे.

गाडीविषयी दोन शब्द. पाच वर्षांखालील मुलाला रेल्वेत तिकीट लागत नाही. मुलगा असला तरी बारा वर्षांखालचा असल्यास तो आईबरोबर महिलांच्या डब्यात बसू शकतो. गर्दी असेल तर मूल आईजवळ महिलांच्या डब्यात, पिशवी आणि बाबागाडी वडिलांजवळ दुसऱ्या डब्यात. आणि कोणत्या स्थानकावर, फलाटाच्या कोणत्या टोकाला भेटायचे ते आधी ठरलेले असावे. मोबाइल आहे म्हणून ठरवायचे टाळू नये. गर्दीत तो ऐकू येत नाही. बाबागाडी फलाटावर येण्यापूर्वीच मिटवावी. मुलाच्या खिशात मोबाइल क्रमांक लिहिलेली चिठ्ठी घालावी, गळ्यात सोने घालू नये. मूल चुकलेच तर आरडाओरड करण्यात वेळ न घालविता पोलिसांना सांगावे. मुलांसाठी १०९८ आणि रेल्वेसाठी १३९ हे क्रमांक आहेत, ते आजच लिहून घ्यावेत.

एवढे करूनही मूल रडेल. रडणारच! त्या वेळी काय करायचे, हेही आखणीत हवे. माझे सांगणे असे: ज्याच्या हातात त्या वेळी मूल असेल, त्याने काही न बोलता त्याला घेऊन बाहेर जावे. कोणाच्या चुकीने रडले याची चौकशी तिथे करू नये. दहा मिनिटांत थांबले तर उत्तम. नाही थांबले तर घरी परतावे. अर्धा दिवस आनंदात गेला आणि अर्धा गाडीत गेला, तरी अर्धा साजरा झालाच. सबंध दिवस ओढून नेण्याच्या हट्टाने तो अर्धाही हातचा जातो.

आणि कामाची वाटणी. दर तासाला मूल हात बदलेल, असे दोघांनी ठरवावे. आईच्या मोकळ्या तासात तिला काही विचारू नये. ती समुद्राकडे पाहत बसली तर बसू द्यावे. यजमानांपैकी काहींना हे जड वाटेल. पण जे गृहस्थ ऑफिसात वीस माणसांचे काम सांभाळतात, त्यांना एक तास स्वतःचे मूल सांभाळता येत नाही, असे मानून आपण त्यांचा अपमान का करावा?

मैत्रिणींनो, आतापर्यंत जे सांगितले ते घरातल्या माणसांनी करायचे. उरलेला भाग आपण, म्हणजे या मंडळाने, करायचा आहे, आणि तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

गाडीत एखादी तरुण आई रडणारे मूल घेऊन शिरते. डब्यातल्या सगळ्या नजरा तिच्याकडे वळतात. कोणी म्हणते, पोट दुखत असेल. कोणी म्हणते, दृष्ट लागली. कोणी म्हणते, एवढ्या लहान मुलाला घेऊन हिंडतात तरी कशाला! तिला त्या वेळी सल्ला नको असतो, बसायला जागा हवी असते. पुढच्या वेळी आपल्यापैकी जी बसलेली असेल, तिने उठावे, पिशवी मांडीवर घ्यावी आणि गप्प राहावे. एवढ्याने तिचा दिवस वाचतो. बाहेर निघालेली ती बाई घरी परत जाऊन "पुन्हा नाही बाई जाणार" असे म्हणते की "पुढच्या वर्षीही जाऊ" असे म्हणते, हे पुष्कळदा आपल्या त्या दोन मिनिटांवर ठरते.

दुसरी सूचना मंडळाला. आपल्या सभासदांत ज्यांची मुले मोठी झाली, दुपारी घर शांत असते आणि अंगात अजून उत्साह आहे, अशा कितीतरीजणी आहेत. त्यांनी महिन्यातून एक दुपार आपले नाव एका वहीत लिहून द्यावे. ज्या सभासदाच्या घरी लग्नाचा वाढदिवस, परीक्षा, दवाखाना असे काही असेल, तिने त्या वहीत पाहून आपले मूल तीन तास तिथे ठेवावे. मुलाची खाण्या-झोपण्याची वेळ, डॉक्टरांचा क्रमांक आणि काय देऊ नये हे एका कागदावर लिहून द्यावे. पैशाचा व्यवहार नको. आज जिने मूल ठेवले, तिने पुढे दुसरीचे सांभाळावे. ज्यांचे माहेर-सासर दूर आहे, दादरला मावशी नाही, अशा मुलींना हीच मावशी. वही ठेवायला आणि पहिले नाव लिहायला मी तयार आहे.

तिसरी सूचना लहानशी. आपल्या सभेच्या या खोलीत, त्या पलीकडच्या कोपऱ्यात, एक सतरंजी, दोन खेळणी आणि एक पडदा एवढी सोय झाली तर मूल पाजायला आई उठून घरी जाणार नाही. आज दारापाशी दोघीजणी मूल कडेवर घेऊन उभ्या आहेत, मघापासून. त्यांना आत बोलवा. मूल रडले तर मी थोडा वेळ थांबेन, भाषण कुठे पळून जात नाही.

मूल लहान असण्याची वर्षे थोडी असतात, हे आपण सगळ्या म्हणतो. आईच्या तरुणपणाचीही तीच वर्षे असतात, हे म्हणायला मात्र विसरतो. दोन्हींचा मान राखील असा एक दिवस वर्षाकाठी निघाला, तरी पुष्कळ झाले. वही अध्यक्षाबाईंच्या टेबलावर ठेवली आहे, पेनही तिथेच आहे.